उद्या काय कापणार?

मी चाकू विकते. मेलबर्नमधल्या मराठी घरी दिवाळीत फराळाला गेलं की ओळखी होतात, तू कुठे असतेस, तू काय करतेस. कुणी बँकेत असते, कुणी हॉस्पिटलात, कुणी चाइल्डकेअरमध्ये. माझी पाळी आली की समोरचीचा चकली मोडणारा हात थांबतो. "म्हणजे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या ना?" असं कुणीतरी आशेने विचारते. त्याही विकते, पण माझं खातं खिशातल्या चाकूंचं, घडीच्या. मग शेजारची बाई किंचित सरकून बसते. सतरा वर्षं झाली, अजून सरकतात.

मी साताऱ्याहून इथे आले ती कुकरीच्या कोर्सला. स्वयंपाक शिकलं की पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळते असं एजंटाने सांगितलं होतं, आणि कांदा धड बारीक चिरता न येणारी आमची अख्खी बॅच शेफ व्हायला निघाली होती. कोर्सला सुऱ्यांचा संच लागायचा. तो घ्यायला मी ग्रॅहमच्या दुकानात गेले. शहराच्या उत्तरेला जुन्या बाजाररस्त्यावर हे दुकान, एका बाजूला चाव्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला लेबनीज बेकरी. संचातली एक सुरी मला बोथट वाटली, तसं मी बोलून दाखवलं. ग्रॅहमने ती अंगठ्यावर आडवी फिरवून पाहिली, मान हलवली आणि मला शनिवारी वेळ असतो का म्हणून विचारलं. शेफ काही मी झाले नाही. शनिवारची मात्र पूर्ण नोकरी झाली, आणि आता ग्रॅहमचे गुडघे गेल्यापासून दुकान जवळजवळ मीच बघते. तो मंगळवारी येतो, माझ्या चुका काढतो आणि बेकरीतून पालक भरलेला त्रिकोणी पाव खाऊन घरी जातो.

त्याने पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट शिकवली. गिऱ्हाइकाला कुठला चाकू हवाय असं विचारायचं नाही. उद्या काय कापणार, असं विचारायचं.

मला तेव्हा हसू आलं होतं. पण लोक खरंच चाकू कशासाठी हवाय ते ठरवून येत नाहीत. आरशासारखं पातं दिसतं, हरणाच्या शिंगाची मूठ दिसते, आणि माणूस लहान मुलासारखा काचेला नाक लावतो. उद्या काय कापणार म्हटलं की तो जमिनीवर येतो. दोरी कापणाऱ्याला दातेरी पातं बरं पडतं. सफरचंद कापणाऱ्याला पातळ पातं लागतं, जाड पात्याने फळ कापलं जात नाही, फुटतं. समुद्रावर मासेमारी करणाऱ्याला न गंजणारं पोलाद द्यावं, मग धार थोडी कमी टिकली तरी चालेल. रोज धार लावायचा कंटाळा असेल तर फार कडक पोलाद घेऊ नये, कारण ते एकदा बोथट झालं की घरच्या दगडाला दाद देत नाही. पातं आपल्या तळहाताच्या रुंदीहून लांब नको. मूठ बंद डोळ्यांनी धरून बघावी. आणि चाकू उघडता येतो का यापेक्षा तो बोटं शाबूत ठेवून मिटता येतो का, हे आधी बघावं. दुकानात होणाऱ्या सगळ्या जखमा मिटताना होतात. प्रथमोपचाराची पेटी आम्ही गल्ल्याखालीच ठेवतो.

दुसरा भाग कायद्याचा. इथे खिशात चाकू बाळगायला कारण लागतं. कामासाठी, मासेमारीसाठी, सहलीसाठी चालतं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही, उलट त्यानेच माणूस अडकतो. आपल्या हिंदी सिनेमातला तो खटक्याचा चाकू तर विकायलाच बंदी. उशिराच्या शिफ्टला जाणारी आपली मुलं येतात आणि "सेफ्टीसाठी" म्हणतात. त्यांना मी खुर्चीवर बसवते, पाणी देते, कायदा समजावते आणि एक टॉर्च विकते. काही चिडतात, पण बहुतेकांना मनातून सुटल्यासारखं वाटतं हे मी पाहिलं आहे.

एक पुण्याचे सॉफ्टवेअरवाले गृहस्थ लागोपाठ तीन शनिवार आले. त्यांच्या लॅपटॉपवर पंधरा चाकूंचा तक्ता होता, पोलादाचा कडकपणा, वजन, बिजागरीचा प्रकार, सगळं. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहिती होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. तिसऱ्या शनिवारी मी विचारलं, उद्या काय कापणार? त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा सरकवून पाहिला. मग म्हणाले, पार्सलचे खोके. मी खुंटीवरचा नखाएवढ्या पात्याचा कटर काढून दिला. त्यांचा चेहरा पाहवेना. माझी चांगली विक्री गेली म्हणून माझाही फारसा पाहण्यासारखा नसणार.

आणि एक बाई आठवते, ऑस्ट्रेलियनच, पन्नाशीची. तिची आई वृद्धाश्रमात होती आणि आधीच कापून आणलेलं फळ तोंडात घ्यायची नाही, डोळ्यांसमोर कापलेलंच खायची. म्हणून हिला रोज दुपारी पर्समध्ये चाकू हवा होता. घडीचा चाकू उघडायला पात्यावर नखाची खाच असते, पण ह्या बाईने काळजीने सगळी नखं कुरतडलेली. एकही चाकू तिला उघडेना. शेवटी पात्याला अंगठ्यापुरतं भोक असलेला एक सापडला. दीड-दोन वर्षांनी ती परत आली. आई गेली होती. आता माझ्याकडे कारण राहिलं नाही, मग चाकूचं काय करू, असं तिने विचारलं. तो मंगळवार होता. ग्रॅहम म्हणाला, "आता रोज बागेत जाऊन तू स्वतः एक सफरचंद खा, लव्ह." मी मागच्या खोलीत जाऊन रडून आले.

हे सगळं मी अभिमानाने सांगते, पण ज्या एका गिऱ्हाइकाला मी तो प्रश्न विचारला नाही, त्याचंही सांगायला हवं.

मागच्या वर्षी, थंडी सरत आली होती तेव्हा, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ दुकानात आले. अंगात मुलाचं असावं असं ढगळ जॅकेट, पायात नवे कोरे बूट. काचेतला एक लाकडी मुठीचा साधा चाकू त्यांनी बोटाने दाखवला. मी तो काढून त्यांच्या हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. ही माझी घरची खोड. सुरी, कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि समोरच्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं, असं आई म्हणायची. इथल्या गिऱ्हाइकांना ती आमच्या दुकानाची अदब वाटते. ह्या गृहस्थांनी मात्र काउंटरवरच्या चाकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

झालं. दिवसभर इंग्रजी बोलून जीभ आंबलेली, त्यात समोर वडिलांच्या वयाचा माणूस. मी सातारा म्हटलं, ते कुडाळच्या बाजूचे निघाले. परबकाका. आयुष्यभर सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधली. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, घर ओकंबोकं झालं, म्हणून मुलाने, निखिलने, इकडे आणलं, मेलबर्नच्या उत्तर टोकाला क्रेगीबर्नला. निखिल इंजिनियर, सून लॅबमध्ये. दिवसभर घरात कुणी नाही. आम्ही काजूवर बोललो, फणसावर बोललो, इथे मिळणारा आंबा दिसायला आंबा असतो यावर आमचं एकमत झालं. बोलता बोलता काका चाकू उघडत होते, मिटत होते, न बघता, जपमाळ ओढावी तसे. खिशात चाकू नसला की एक पाय हलका पडल्यासारखा वाटतो, असं म्हणाले. मी चाकू बांधून दिला, दारापर्यंत सोडायला गेले. काय कापणार विचारलं नाही. कायदा सांगितला नाही. आपल्या माणसाला गिऱ्हाइकासारखं काय वागवायचं, असं काहीतरी माझ्या मनात असणार.

दहा-बारा दिवसांनी एक चाळिशीचा माणूस दुकानात शिरला आणि आमची पावती काउंटरवर ठेवून म्हणाला, "हा चाकू तुम्ही विकला?"

तो निखिल होता. काका ट्रेनने शहरात निघाले होते. स्टेशनवर पोलिसांची तपासणी चालू होती, हल्ली असते. खिशात चाकू सापडला. पोलीस सभ्यपणे वागले, निखिलनेच तसं सांगितलं. काकांना बाकावर बसवलं, आणि इंग्रजी जमेना म्हणून त्यांच्याच फोनवरून निखिलला फोन लावून स्पीकरवर ठेवला. निखिल मीटिंगमधून बाहेर आला. पोलिसांनी विचारलं, चाकू का बाळगलाय? निखिलने ते मराठीत विचारलं. काका म्हणाले, सवय आहे. निखिलने पुन्हा विचारलं, तेच उत्तर. व्हिसाला काही झालं तर काय, ह्या एका धास्तीने त्याचं डोकं चालेना. त्याने इंग्रजीत सांगून टाकलं की माझे वडील म्हातारे आहेत, त्यांना समजत नाही, देअर इज नो रीझन.

ताकीद मिळाली, चाकू जप्त झाला, प्रकरण तिथेच मिटलं. पण तेवढं इंग्रजी काकांना कळत होतं. त्यांनी घरी आल्यावर एकच सांगितलं, "मला परत पाठव." त्यानंतर ते मुलाशी कामापुरतं बोलत होते. पुढच्या महिन्याचं तिकीट काढून झालं होतं. गावी घराला कुलूप, एक चुलतभाऊ सोडला तर बघणारं कुणी नाही.

"ताई, तुम्ही त्यांना एका शब्दाने सांगितलं असतं," निखिल म्हणाला.

सतरा वर्षं अनोळखी माणसांना मी तो प्रश्न विचारत आले, आणि आपल्या माणसाला गाव विचारून मोकळी झाले. चूक माझी आहे, असं मी त्याला म्हणाले. तो अजून भांडायच्या तयारीने आला होता, ते ऐकून त्याचे खांदे पडले आणि तो पावती तिथेच विसरून गेला.

रविवारी मी रव्याचे लाडू घेऊन क्रेगीबर्नला गेले. पावतीवर आम्ही गिऱ्हाइकाचा पत्ता लिहितो, तो शोधत. काका मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते. मी माफी मागितली, ते असू दे, असू दे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. लाडू तसाच बशीत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, शेजारच्यांचं लिंबू छान माजलंय.

"ते लिंबू नव्हे," काका म्हणाले. "खुंट आहे तो. वरचं कलम मेलं आणि खालचा रानटी खुंट वाढला. काटे बघ केवढे. फळ धरेल, पण आत नुसता चोथा."

मग ते बोलायला लागले. शेजारीण ग्रीक होती, मारिया, एकटीच. ती रोज ह्या झाडाखाली येऊन एक फळ कापायची, चाखायची आणि फेकून द्यायची. काकांनी तिला कुंपणावरून खुणांनी समजावलं होतं की हे झाड तोडू नकोस, डोळा भरता येईल. डोळा भरणं म्हणजे चांगल्या झाडाची एक कळी सालीसकट काढायची, खुंटाच्या सालीला चीर देऊन आत बसवायची आणि पट्टीने बांधायची. लिंबाला असंच करतात. मारियाच्या बहिणीकडे चांगलं झाड होतं. ट्रेनने त्या दिवशी काका कलमाची पट्टी कुठे मिळते ते शोधायलाच निघाले होते.

कारण होतं. धडधडीत कारण होतं, कायद्यालाही पुरलं असतं. "मग काका, पोलिसांना हे का नाही सांगितलंत?"

"निखिलने विचारलं, का ठेवलाय. ठेवतो म्हणून ठेवलाय. चाळीस वर्षं माझ्या खिशात चाकू होता, गावाकडचा. निखिल शाळेत असताना त्याची पेन्सिल मी त्याच चाकूने तासायचो." मग म्हणाले, "काय करतो म्हणून विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हे सगळं मी बाहेरच्या खोलीत जाऊन निखिलला सांगू शकले असते. तोंडावर आलंही होतं. पण बापलेकांच्या मध्ये बसून फोनवरच्या स्पीकरसारखं इकडचं तिकडे करायचं माझ्या जिवावर आलं. मी निखिलला एवढंच म्हटलं की शनिवारी काकांना घेऊन दुकानात ये. तो म्हणाला, ताई, आता पुन्हा चाकू? मी म्हटलं, ये तर.

शनिवारी तो आला, पण एकटा. काका समोर गाडीत बसून होते, उतरायला तयार नव्हते. चार दिवसांवर तिकीट आलं होतं. निखिल म्हणाला, जातायत तर त्यांना एक चांगला चाकू घेऊन देतो, सामानात टाकून नेतील, तेवढीच आठवण. आणि त्याने काचेतला सगळ्यात महाग चाकू दाखवला, शिंगाच्या मुठीचा.

मी काच उघडली नाही. "निखिल, उद्या काका काय कापणार?"

त्याने काचेवरचं बोट काढलं.

"चाकू देताना मी प्रत्येकाला विचारते. काकांना विचारायचं राहून गेलं होतं. ते काय कापतात?"

"ते..." तो म्हणाला. चांगला शहाणा मुलगा, वडिलांना सन्मानाने आणलेलं, त्यांच्यासाठी खोली केलेली, औषधांचे डबे वारांप्रमाणे लावलेले. "ताई, मला माहीत नाही."

"मग विचारून ये."

तो बाहेर गेला. दुकानाच्या काचेतून मला गाडी दिसत होती. निखिल आधी खिडकीशी वाकून उभा राहिला. मग दार उघडून आत बसला. मी दोन गिऱ्हाइकं केली, एका बाईच्या कात्रीला धार लावून दिली. गाडीतले काका पहिल्यांदा समोर बघत होते. नंतर त्यांचा एक हात वर आला, त्याची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या बोटावर चीर देऊ लागली. निखिलने स्वतःचं बोट पुढे केलं. काकांनी त्यावर डोळा भरून दाखवला, पट्टी गुंडाळून दाखवली. बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला की तुझी गिऱ्हाइकं माल उतरवायच्या जागेत, लोडिंग झोनमध्ये, उभी आहेत, मेट. मी त्याला हात जोडले. तो समजला, नो वरीज म्हणाला आणि आत गेला.

बऱ्याच वेळाने दोघं दुकानात आले. निखिलचे डोळे लाल होते, काकांचा चेहरा मात्र कामावर निघालेल्या माणसाचा होता. शिंगाच्या मुठीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी आतून कलमाचा खास चाकू काढून आणला, सरळ पात्याचा, एकाच बाजूने धार असलेला. सोबत कलमाची पट्टी आणि कॅनव्हासची छोटी पिशवी दिली. चाकू खिशात नाही, ह्या पिशवीत राहील, पट्टीसोबत, म्हणजे कुणी विचारलं तर पिशवीच उत्तर देईल, हे मी काकांना दोनदा बजावलं. या खेपेला कायद्याचा एक शब्द गाळला नाही.

"आता तुम्हीच सांगा काका. उद्या काय कापणार?"

"मारियाचं लिंबू," काका म्हणाले. "सकाळी तिच्या बहिणीकडून डोळ्यांच्या काड्या आणायच्या. निखिल गाडीने नेतोय."

"आणि डोळा धरला की नाही ते कधी कळतं?" निखिलने विचारलं.

"तीन आठवडे. मग पट्टी सोडून बघायचं."

निखिलने फोन काढला. तिकीट बदलायला कुठे दाबायचं ते शोधत होता बहुतेक, काकांनी ते पाहिलं आणि पट्टी पिशवीत ठेवली. पैसे देऊन झाल्यावर मी चाकू माझ्या सवयीने काउंटरवर ठेवला. तो निखिलने उचलला, मिटून पाहिला, आणि वडिलांना द्यायला हात पुढे केला. मग मध्येच थांबला. हात मागे घेतला, चाकू काकांच्या समोर काउंटरवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकून उभा राहिला.

काकांनी तो उचलला.